ज्वालामुखी गार कसा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात प्राथमिक शाळांच्या प्रकल्प-प्रदर्शनाचे एक छायाचित्र आले होते. त्यात पाच प्रकल्प दिसतात. तीन ज्वालामुखी, एक सूर्यमाला, एक पवनचक्की. मी ते भिंग घेऊन पाहिले. भिंगाची सवय जुनी आहे, ती आता सुटायची नाही. थर्मोकोल तापलेल्या तारेने कापला की कड काचेसारखी गुळगुळीत येते. नऊ वर्षांच्या मुलाने कापला की दाणे सुटतात, कड कुरतडल्यासारखी दिसते आणि टेबलभर पांढरा चुरा पडतो. छायाचित्रातल्या टेबलावर एक दाणा नव्हता. मुले मात्र इस्त्रीच्या गणवेशात हात मागे बांधून उभी होती. आपल्याच प्रकल्पाला हात लावायची परवानगी नसावी, अशी.

मी शिक्षक नाही. 34 वर्षे कारखान्यात काढली. आधी फिटर, शेवटची 11 वर्षे तपासणी विभागात. जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, हातात घ्यायचा, मापायचा, पास की नापास ते लिहायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून सगळ्यांच्या कामात चुका काढू लागलो, तेव्हा सूनबाईने युक्ती केली आणि मला नातीच्या शाळेत पाठवले. तिच्या चौथीच्या वर्गात आठवड्यातून एकदा, सलग दोन तासिका, मुलांच्या हातांना काम द्यायचे. पगार नाही, हजेरी नाही. वर्गात 40 मुले आणि एक सोशिक बाई.

हे पत्र लिहायचे कारण एक वही आहे.

नातीच्या गटाने लंबकाचा प्रकल्प केला होता. प्रदर्शनात त्यांच्या वाट्याला अर्धे टेबल आले. त्यावर दोरा, पाच नट, वाकवलेली कागदाची क्लिप, घड्याळ आणि ती वही. परीक्षकांनी वहीची दोन पाने उलटली आणि शेरा मारला, 'मांडणी आकर्षक नाही. मॉडेल कुठे आहे? खाडाखोड फार.' पहिले बक्षीस ज्वालामुखीला गेले. बक्षीस कुणाला मिळाले याचे मला काही नाही. (थोडे आहे. नातीचा आजोबा आहे मी.) पण 'खाडाखोड फार' हे वाचून मात्र राहवले नाही, कारण त्या वहीत पाहण्यासारखे जे काही होते ते खाडाखोडीतच होते.

काय झाले ते सांगतो. मी वर्गात विचारले, ओळंबा दोऱ्याला टांगून झोका दिला तर तो भरभर कधी हलेल? मुलांची उत्तरे तयारच होती. जड केला तर. जोरात ढकलला तर. दोरा आखूड केला तर. मी म्हटले, बघा करून. चार-चारांचे दहा गट. एकाने झोका सोडायचा, एकाने मोजायचे, एकाने घड्याळ बघायचे, एकाने लिहायचे. चारच का? कारण पाचवा आला की तो उरलेल्या चौघांना शिकवू लागतो. पट्टी बाकावर चिकटवून तिचे टोक कडेबाहेर काढले, त्याला दोरा बांधला, खाली नट.

पहिले दोन आठवडे गोंधळ. मुले दोराही बदलत, नटही वाढवत आणि ढकलतही जोरात, सगळे एकदम. सूनबाई शिक्षणशास्त्र शिकलेली आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही नेमका तोच प्रयोग निवडलात. बार्बेल इनहेल्डर आणि जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात मुलांना दोरा आणि वजने देऊन हेच पाहिले होते. लहान मुले सगळे एकदम बदलतात; एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे बहुतेकांना अकरा-बारा वर्षांच्या पुढे आपणहून सुचते. म्हणजे तुमची मुले वयाप्रमाणे वागताहेत. मला हायसे वाटले. पण आपणहून सुचत नाही म्हणून जमणारच नाही, असे थोडेच आहे? शिकाऊ कामगारालाही पहिल्या महिन्यात काही आपणहून सुचत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी एवढेच केले, की सगळ्यांना 25 सेंटीमीटर दोरा आणि एकच नट दिला. दहा झोक्यांना किती सेकंद? झोका म्हणजे जाऊन परत येणे. फळ्यावर दहा गटांचे दहा आकडे लिहिले. आठ गटांचे 10 सेकंदांच्या आसपास होते: 9.9, 10.2, 10.1 असे. दोन गटांचे 9.0 आणि 9.1. त्या दोन गटांनी लगेच खोडरबर काढले आणि 10 लिहायला घेतले. मी ओरडलोच. कारखान्यात माप खोडून दुसरे लिहिले की माणसाची नोकरी जायची. चुकले तर एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी नवे लिहायचे. त्या दिवसापासून खोडरबर दप्तरात. परीक्षकांना जी खाडाखोड दिसली, तिचा उगम हा.

9 का आले ते मलाही पटकन कळले नव्हते. घड्याळ बदलून पाहिले, दोरा पुन्हा मापला. शेवटी एक अबोल मुलगा, जो एरवी खिडकीबाहेर बघत असतो, त्या गटाजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे सोडतानाच 'एक' म्हणतात." खरेच. हात सोडताना 'एक' म्हटले तर 'दहा' म्हणेपर्यंत नऊच झोके होतात. सोडताना 'शून्य' म्हणायचे. पुढचा अर्धा तास मुले बोटे, पायऱ्या, खिडकीचे गज आणि गजांमधल्या फटी मोजत होती. दहा गजांमध्ये फटी किती, या प्रश्नावर दोघांचे भांडणही झाले. शून्य कशासाठी असतो, हे त्या वर्गाला मी किंवा बाईंनी शिकवलेले नाही.

मग नट वाढवले. एकाखाली एक असे पाच नट बांधले, तर दहा झोक्यांना जवळजवळ 11 सेकंद. निष्कर्ष काढून मुले मोकळी झाली: जड लंबक सावकाश हलतो. सगळ्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून चौकटही केली. मी गप्प बसलो. उत्तर माहीत असून गप्प बसणे हे या कामातले सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि मी त्यात अजून शिकाऊच आहे. पुढच्या आठवड्यात एका मुलीने पट्टी लावून वरपासून अगदी खालच्या नटापर्यंत मापले आणि विचारले, "आजोबा, हा आता 25 चा कुठे राहिलाय?" नटांची माळ खाली लोंबल्यामुळे वजनाचा मध्य खाली सरकला होता, म्हणजे लंबकच लांब झाला होता. मग क्लिप वाकवून आकडी केली आणि पाचही नट एकाच आकडीत शेजारी शेजारी अडकवले. 10.1 सेकंद. चौकटीतल्या वाक्यावर रेघ आली. त्याखाली नातीच्या अक्षरात लिहिले आहे: 'वजनाने फरक पडत नाही. आधी चुकीने वाटले कारण माळ लांब होती.'

संपादक महोदय, तपासणी विभागात 11 वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, याहून चांगला अहवाल मी मोठ्या माणसांकडून क्वचित पाहिला आहे. चूक काय, ती का झाली, कशी पकडली, तीनही दोन ओळींत.

लंबकाचे घड्याळ ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने 1656 साली बनवले, हे मी मुलांना त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर ते फक्त पाठ करायचे एक साल झाले असते. फार मोठा झोका दिला तर वेळ थोडा वाढतो, हेही हायगेन्सना ठाऊक होते. आमच्या एका गटाला ते नट पार वर ओढून सोडताना सापडले, आणि आपण काहीतरी मोडले असे वाटून त्यांनी ते दोन दिवस लपवून ठेवले होते.

आता ज्वालामुखी. त्याच्यावर माझा राग नाही, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस कोणाला आवडत नाही? नातीनेही घरी केला. मी पेपर वाचत होतो. ती बाटलीला हात लावून म्हणाली, "आजोबा, ज्वालामुखी गार लागतोय." मी म्हटले, असे कसे होईल, आणि हात लावला तर खरेच गार. तापमापक आणला. व्हिनेगर 26 अंशांवर होते, सोडा टाकल्यावर 22 वर आले. दुसऱ्या बाटलीत नुसते व्हिनेगर तेवढाच वेळ ठेवले, ते 26 वरच राहिले. पुन्हा केले, पुन्हा तेच. (तापमापक अल्कोहोलचा, लाल रेघेचा. मुलांच्या हाती पाऱ्याचा देऊ नये.) या दोघांच्या अभिक्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उष्णता आत ओढली जाते, म्हणून मिश्रण थंड होते. खरा लाव्हा साधारण 700 ते 1200 अंश सेल्सिअसचा. तिथे जोर येतो तो शिलारसात विरघळलेल्या वाफेचा आणि वायूंचा. वर येताना दाब कमी होतो आणि ते बुडबुड्यांनी बाहेर पडतात, हलवलेली सोड्याची बाटली उघडावी तसे. म्हणजे बक्षीस मिळवणाऱ्या त्या मॉडेलचे खऱ्या ज्वालामुखीशी नाते फक्त रंगाचे आहे. पण 'गार का लागतो?' हा प्रश्न अस्सल आहे, आणि तो विचारायला डोंगर लागत नाही, थर्मोकोल लागत नाही, रंग लागत नाही. फक्त बाटलीला मुलाचा हात लागला पाहिजे. प्रदर्शनातल्या तिन्ही ज्वालामुखींपुढे पाटी होती: 'हात लावू नये.'

कागदाची जाडी मापण्याचा तासही सांगितला पाहिजे, तो माझा लाडका आहे. साध्या पट्टीवर सगळ्यात लहान खूण एक मिलिमीटरची. कागद तर त्याहून कितीतरी पातळ. मग मापायचा कसा? मुलांनी स्वतःच शोधले: पुष्कळ कागद एकत्र दाबायचे आणि भागायचे. एका जुन्या पुस्तकाची पुठ्ठे सोडून जाडी आली 12 मिलिमीटर, शेवटचा पृष्ठक्रमांक 240. अर्ध्या वर्गाने 240 ने भागून 0.05 काढले, उरलेल्यांनी 120 ने भागून 0.1. आपल्या भाषेत 'पान' म्हटले की पृष्ठही होते आणि आख्खा कागदही. तासभर भांडण झाले, दोन्ही बाजू पुस्तक उघडून 'हे बघ एक पान' असेच म्हणत होत्या. शेवटी मी खिशातून माझा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मापायचे हत्यार, काढला. 0.10. शांतता. नंतर प्रत्येकाला स्वतःच्या केसाची जाडी मापायची होती, आणि ती रांग मधली सुट्टी संपेपर्यंत हलली नाही.

बाकी उपक्रम थोडक्यात. काचेच्या बरणीत ओल्या टिपकागदावर घेवड्याचे बी ठेवायचे आणि मूळ फुटल्यावर बरणी आडवी करायची. दोन-तीन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळते. एक कुंडी उजेडात, एक कपाटात. मुले पैज लावतात की उजेडातले रोप उंच होईल. कपाटातले जास्त उंच होते, पण पिवळे आणि लुळे. अंगणात काठी रोवून दर अर्ध्या तासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा घड्याळात बरोबर बारा वाजलेले नसतात, आणि घड्याळ खोटे की सूर्य, यावर चौथीत मते पडतात. कागदाचा एक ताव दोन पुस्तकांवर ठेवला तर नटाच्या ओझ्याने वाकतो. त्याच तावाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की किती नट पेलतो, ते करूनच बघा. या सगळ्याला सामान म्हणावे असे काही लागत नाही.

सूनबाईने आणखी एक गोष्ट दाखवली. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी 1977 साली अशा समृद्धी-उपक्रमांची, म्हणजे नेहमीच्या अभ्यासापलीकडच्या कामांची, तीन अंगे सांगितली. एक, मुलांना नाना तऱ्हेच्या गोष्टी नुसत्या दाखवणे. दुसरे, मापायचे कसे, नोंद कशी ठेवायची, प्रश्न कसा विचारायचा ही कौशल्ये देणे. तिसरे, मुलाने स्वतः निवडलेल्या खऱ्या प्रश्नाच्या मागे लागणे. मी ते कारखान्याच्या भाषेत समजून घेतले: आधी शॉप, म्हणजे कारखान्याचा विभाग, फिरवून दाखवा, मग कानस धरायला शिकवा, मग स्वतःचा जॉब द्या. आपली प्रदर्शने पहिली दोन कामे गाळतात आणि तिसरे बाबांकडून करून घेतात. 'प्रकल्प' शब्दाची तरी लाज राखावी. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवर जो लेख लिहिला, त्यात मुलाने मनापासून आणि स्वतःचा हेतू धरून केलेले काम अभिप्रेत होते. आदल्या रात्री अकरा वाजता, मूल झोपल्यावर, आईने चिकटवलेला शनी नव्हे.

आईवडिलांना दोष देणे सोपे आहे. मीही केले आहे हे. मुलगा लहान असताना त्याची पवनचक्की मी लेथवर बनवली होती, पात्यांचा कोन साधून, बेअरिंग घालून. फुंकर मारली तरी फिरायची. त्याला पहिला नंबर मिळाला आणि तो घरी येऊन म्हणाला, "बाबा, तुम्ही पहिले आलात." तेव्हा मला हसू आले होते.

शिक्षकांची बाजूही मला आता ठाऊक आहे. 40 मुले, संपवायचा भाग, भरायचे तक्ते. आमच्या बाईंनाही सुरुवातीला माझे दोन तास म्हणजे वाया गेलेले दोन तास वाटत. मग त्यांच्या लक्षात आले की दशांश अपूर्णांक, सरासरी आणि आलेख हे पुढे शिकवायचे विषय लंबकाच्या वहीतून आधीच येऊन गेले आहेत. आता त्या माझ्याआधी दोरा कापून ठेवतात. पण ज्या शाळेत रिकामा आजोबा नाही, तिथे हे एकट्या शिक्षकाच्या गळ्यात मारू नये. महिन्यातून दोन जोडतासिका वेळापत्रकातच हव्यात, आणि एक जास्तीचा माणूस हवा. आपल्या वाचकांत निवृत्त सुतार, शिंपी, वायरमन, परिचारिका, माळी असे कितीतरी असतील. त्यांच्या हातात जे आहे ते पुस्तकात नाही. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे लहानपणी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारी करत होते. पुढे त्यांनीच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत लहान मुलांपुढे साधी मेणबत्ती पेटवून तिच्यावर व्याख्यानमाला दिली. मुलांसाठीची तिथली नाताळातली व्याख्याने 1825 साली सुरू झाली आणि आजही होतात. एका मेणबत्तीवर इतके बोलता येते. आम्ही अजून मेणबत्तीपर्यंत पोचलो नाही, बाई आगीला घाबरतात, आणि 40 मुलांच्या वर्गात ते बरोबरच आहे.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी विनंती एकच आहे. टेबलावर मॉडेल नसले तरी चालेल, वही हवी. प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेतच झालेला असावा आणि वही शाळेतच राहावी. घरी गेली की ती सुंदर होऊन परत येते. परीक्षकांनी मुलाला एवढेच विचारावे: तुझे कुठे चुकले होते? ज्याला सांगता येईल, त्याने काम केले आहे. ज्याचे कुठेच चुकले नाही, त्याच्या बाबांना पुढे बोलवावे. आणि आपल्या छायाचित्रकाराने पुढच्या वर्षी जमिनीवरचा चुराही टिपावा, ही आपल्याला विनंती.

पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझी मते कापा, मुलांचे आकडे कापू नका.

लंबकाचे काम संपलेले नाही. 25 सेंटीमीटरला एक सेकंद, चौपट म्हणजे एक मीटरला दोन सेकंद, हे मुलांनी खिडकीच्या गजाला दोरा बांधून काढले. आता त्यांना चार सेकंदांचा लंबक करायचा आहे. त्यांचा हिशेब असा, की पुन्हा चौपट, म्हणजे चार मीटर. एवढी उंची वर्गात नाही, फक्त जिन्याच्या मोकळ्या जागेत आहे. जिन्यात दोरा टांगायच्या परवानगीचा अर्ज मुलांनीच लिहून मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्यातही दोन ठिकाणी रेघ मारून दुरुस्ती आहे. उत्तर अजून आलेले नाही. दोरा मी मापून ठेवला आहे: चार मीटर, आणि गाठीसाठी वर 20 सेंटीमीटर.

आपला,
एक निवृत्त फिटर